आज कुठं मोडलं?

टेलरबाई रविवारी घरी आल्या की सासूबाईंचा प्रश्न ठरलेला असायचा. "आज कुठं मोडलं?"

"डावा पाय. आणि दोन बरगड्या," असं म्हणत टेलरबाई दोन्ही धडधाकट पायांवर उभ्या राहून तोंड धुवायच्या. बस डेपोत मेकॅनिक असलेला नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "मागच्या रविवारी उजवा होता. लवकर जुळला की!"

भानगड अशी होती. शहराबाहेरच्या मैदानात भूकंपात गाडलेल्या माणसांना बाहेर काढायचं प्रशिक्षण चाले. मोडके स्लॅब रचून मुद्दाम ढिगारे केलेले होते. शिकणाऱ्यांना शोधायला आत कुणीतरी खरं माणूस लागायचं, आणि टेलरबाई अंगानं अशा काटकुळ्या की कुठल्याही फटीत मावायच्या. सहा वर्षं त्या तिथल्या कायमच्या जखमी होत्या. दुकानात त्यांच्या हातून कपड्याची शिलाई कधी वाकडी गेली नाही, पण मैदानावर त्यांना सगळे 'पेशंट' म्हणूनच हाक मारत. त्या हसून ओ देत. मनात मात्र लागायचं, का नाही लागणार?

ढिगाऱ्याखाली पडून पडून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. वरून आवाज येतो तोवर माणूस धीर धरतो. पण मधेच भोंगा वाजायचा, म्हणजे ढिगारा हलण्याचा धोका, सगळ्यांनी बाहेर पडा. मग शोधायला आलेली मंडळी एक शब्दही न बोलता निघून जायची. पाय खोटा खोटा मोडलेला असला तरी काळजात खरंच धस्स व्हायचं. हे त्यांनी मुख्य परीक्षकसाहेबांना दोनदा सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "बाई, जखमींनी सूचना करायच्या नसतात."

दोन वर्षांपूर्वी भूकंपाचा खरोखरचा धक्का बसला. मागच्या गल्लीतलं गोदाम खाली बसलं आणि एक हमाल आत अडकला. टेलरबाई धावत गेल्या. त्यांनी लांबूनच ओळखलं, की जिना शाबूत आहे, माणूस असला तर त्याच्याखालीच असणार. पण दोरीपाशी बचाव पथकानं त्यांना अडवलं. "प्रमाणपत्र आहे?" आता काय सांगणार, मी दर रविवारी जखमी असते म्हणून? त्यांनी जिन्याकडे बोट दाखवून घसा कोरडा केला, कुणी लक्ष दिलं नाही. हमाल पाच तासांनी सापडला. जिन्याखालीच. वाचला बिचारा, पण ते पाच तास टेलरबाईंच्या डोक्यातून जाईनात.

त्यांनी त्या प्रमाणपत्राच्या परीक्षेचा अर्ज भरला. लेखीत पहिल्या आल्या, गाठी मारण्यात पहिल्या आल्या, आणि स्ट्रेचर उचलण्यात सपशेल आपटल्या. शेवटच्या वीस पावलांत त्यांच्या हातचा कोपरा सुटला. नापास! आता एकच संधी उरली होती, कारण पंचेचाळिसावं लागल्यावर परीक्षेला बसता येत नव्हतं आणि त्यांचं चव्वेचाळिसावं सरत आलं होतं.

नवऱ्यानं सरावासाठी पोत्यात वाळू भरायला घेतली. सासूबाई भडकल्या. "वाळू कशाला? मी काय मेलेय? मला उचला की!"

तेव्हापासून रोज सकाळी तो कार्यक्रम सुरू झाला. सासूबाई लाकडी खुर्चीत, मागून नवरा, पुढून टेलरबाई, आणि समोर दोन मजल्यांचा जिना. सासूबाई आडव्या अंगाच्या, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "डावीकडे घे! अगं, कठडा लागतोय! गुडघ्यातून वाक, कमरेतून नको!" शेजारी दारं उघडून बघत उभे राहत. पहिल्या आठवड्यात सहा पायऱ्यांवरच टेलरबाईंचे हात गळायचे. चौथ्या महिन्यात त्या दोन्ही मजले एका दमात चढल्या, आणि वर गेल्यावर सासूबाईच दमल्या.

परीक्षेच्या दिवशी मैदानावर भलताच घोटाळा झाला. सगळी तयारी झाली, पण जखमीच नव्हता! नेहमीचा जखमी हेल्मेट घालून उमेदवारांच्या रांगेत उभा, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मागच्या परीक्षेला बदली माणूस सांगून ठेवला होता, या वेळी तेही राहून गेलं. शेवटी साहेब वैतागले, गुणांचा तक्ता दुसऱ्या परीक्षकांकडे दिला आणि स्वतःच ढिगाऱ्यात शिरले. साहेबांचं वजन चांगलं नव्वद किलो. टेलरबाईंच्या तुकडीतले सहाही जण एकमेकांकडे बघायला लागले.

शिट्टी झाली, सगळे गप्प झाले. टेलरबाईंनी आवाज दिला, "आत कुणी आहे? ऐकू येत असेल तर तीनदा ठोका!" खालून पाइपावर तीन ठोके आले. फट अरुंद होती, त्यामुळे त्याच आत सरपटल्या. धुळीत साहेबांचा हात हाताला लागला.

"पाय... डावा," साहेब कण्हले. टेलरबाईंनी हसू दाबलं. तो पाय त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

त्यांनी तुळईखाली लाकडी ठोकळे सारले, जॅक मागवला, आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजला. जो आत थांबेल तो नापास. मागचे साथीदार भराभर बाहेर सरकले. टेलरबाईंनी साहेबांचा हात घट्ट दाबला.

"ऐका. भोंगा झालाय, मला बाहेर जावं लागतंय. मी सोडून जात नाहीये. ह्याच फटीतून मीच परत येणार. तोवर पाइपावर ठोकत राहा, मी मोजतेय."

त्या वेळेत बाहेर आल्या. दोरीपाशी उभं राहून त्यांनी प्रत्येक ठोक्याला खणखणीत आवाजात आकडा दिला. एक! दोन! बाकीचे आधी चमकले, मग तेही मोजायला लागले. अकरा मिनिटांनी परवानगी मिळाली तेव्हा आकडा एकशे बेचाळीसवर होता, आणि टेलरबाई पुन्हा त्याच फटीत होत्या.

मग ते स्ट्रेचर. दीडशे पावलं, वाट खाचखळग्यांची. शंभराव्या पावलाला खांदे पेटले, शेवटच्या वीस पावलांत बोटं सुटायला आली. "गुडघ्यातून वाक, कमरेतून नको," टेलरबाई पुटपुटत राहिल्या. कोपरा सुटला नाही. स्ट्रेचर अलगद जमिनीवर टेकलं.

साहेब उठून बसले. घटाघटा पाणी प्यायले.

"अकरा मिनिटंच होती?" त्यांनी विचारलं. "मला तास वाटला. तुमचे आकडे नसते तर..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं. गुणांचा तक्ता मागून घेतला आणि तळाशी पेनानं नवी ओळ लिहिली, 'बाहेर पडण्यापूर्वी जखमीला सांगितले का?' पुढे टेलरबाईंच्या रकान्यात बरोबरची खूण केली.

"बाई, तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "चुकलं माझं. आता ही ओळ सगळ्या परीक्षांना राहील."

सहाही जण पास झाले. टेलरबाईंचा ऊर इतका भरून आला की प्रमाणपत्र हातात घेताना त्या आभार मानायच्याच विसरल्या.

संध्याकाळी घरी आल्या तर जिन्याच्या तळाशी सासूबाई लाकडी खुर्चीत ठाण मांडून बसलेल्या, शेजारी नवरा. "काय गं, आज कुठं मोडलं?"

"साहेबांचा डावा पाय," टेलरबाई म्हणाल्या. "मी आणला त्यांना बाहेर."

सासूबाईंनी प्रमाणपत्र हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, पदरानं पुसलं आणि मांडीवर सरळ धरलं. डोळ्यांतलं पाणी मात्र त्यांनी पुसलं नाही.

"चल तर मग, उचल," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश ने. सगळ्यांची दारं उघडू देत."