सुटीचा त्रास

अकोल्याला जाताना रस्त्यात कापसातली सरकी काढणारं जिनिंग लागलं. सरकीचा तेलकट वास नाकात शिरला आणि लहानपणीचा एक सोमवार डोळ्यांपुढं आला.

बाबा असल्याच कारखान्यात कापूस ओढायचे. त्या संध्याकाळी ते घरी आले आणि उंबऱ्यातच बसले. भुवयांवर पांढरे तंतू, श्वासात बारीक शिट्टी. आईनं गुळाचा खडा हातावर ठेवला. गुळानं छातीतली धूळ उतरते, असं जिनिंगमधले सगळेच मानत.

"सोमवारीच कावून होते असं?" आई म्हणाली. "शनिवारी तर बरे राहता. तुमाले सुटीच बाधते."

बाबा रविवारीही कामावर जाऊ लागले. सोमवारचा त्रास खरंच कमी झाला.

बाबा गेल्यावर अमरावतीच्या छातीच्या डॉक्टरांनी मला समजावलं. सुटीत फुप्फुसं थोडी मोकळी होतात, म्हणून सोमवारी धूळ झोंबते. रोज धूळ आत गेली की त्रास जाणवेनासा होतो. फुप्फुसं मात्र आतून खराब होतच राहतात.

आई अजून अभिमानानं सांगते, "मी सुटी सोडवली, म्हणून तुहे बाबा इतके वर्स टिकले."

मी हो म्हणते.