काकूंचा चेहरा

नंदनवार सरांकडे कुणी वारलेल्या माणसाचं चित्र काढून घ्यायला आलं, की सर त्याचा सगळ्यात वाईट फोटो मागायचे. स्टुडिओतला चकचकीत फोटो पुढे केला की परत सरकवायचे. "हा नको. ज्यात बुढा कोनावर तरी खेकसून राहिला असन, तो आन."

शाळेतले चित्रकलेचे निवृत्त मास्तर आणि धरमपेठेतले आमचे शेजारी. माझ्या बाबांचे दात पुढे होते. ते गेल्यावर आईनं भीतभीत विचारलं, चित्रात थोडे आत घेता येतील का? सर उसळलेच. "काहून? खोटं चित्र लावलं का मानूस दुसऱ्या डाव मरते, वहिनी!" बाबा दातांसकट भिंतीवर आले आणि आई पुन्हा त्यांच्याशी भांडायला लागली.

सरांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या चेहऱ्यावर कोड होतं. त्यांनी एकदाच हौसेनं आपलं चित्र मागितलं. सरांनी खपून काढलं, सुरेख काढलं, आणि गाल नितळ रंगवले! मी तिथंच होते. काकू बघतच राहिल्या. "हे कोन हाये जी?" मग हळूच म्हणाल्या, "इतके वर्स तुमाले अशी बायको पाह्यजे होती का?" अख्ख्या गावाला खरं ऐकवणारा माणूस नेमका घरातच घसरला होता.

काकू गेल्या वर्षी वारल्या. तेरवीला सरांनी ते चित्र लावू दिलं नाही. परवा मला हाक मारली. चित्र माळ्यावरून खाली काढलेलं, वाटीत पांढरट रंग कालवलेला.

"ये वं पोरी. तू तं रोज तिच्यापाशी बसे. डाग कुठून कुठवर होते, सांग. फोटोत तिनं कधी पदर बाजूले केला नाही."

"सर, पण तुम्ही तर त्यांना रोज बघत होतात..."

"तिले वाईट वाटू नाही म्हनून मी तिकडं कधी पाह्यलंच नाही वं! आता ब्रश उचलतो, तं गाल कोरा दिसते." आणि ते चक्क रडायला लागले. मला त्यांचा राग आला. बायकोचा गाल पाठ नाही म्हणजे काय!

"डाव्या डोळ्याखाली एक होता," मी ठासून सांगितलं.

"केवढा?"

मी अडखळले. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून शेंगा सोलल्या, गप्पा मारल्या, आणि मान वर करायची वेळ आली की शेंगांकडेच बघितलं. असं टक लावून बघू नये, हे आईनं बजावलेलं. मी शरमेनं अर्धी झाले.

"सांग न वं," सर म्हणाले. ते ब्रश धरून थांबले होते, आणि मला काकूंचा चेहरा आठवत नव्हता.