आमचा पहिला मेंटर, रजिस्टरमधला मदतनीस

गोपाळ गेला, आणि संस्थेच्या ग्रुपवर जे पोस्टर फिरतंय त्यात त्याच्या नावाखाली 'माजी विद्यार्थी व मदतनीस' असं छापलंय.

ते चूक आहे. पोस्टर करणाऱ्या मुलीची चूक नाही. तिने माझं रजिस्टर बघून लिहिलं.

मंगळवारी सकाळी पावणेसातला, कावीळ. वय एकतीस. कशेळ्याच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी आहे, तिथला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही आदिवासी वाड्यांवरच्या तरुण पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. रिपेअरिंग, नेटवर्किंग, थोडं कोडिंग. सुरुवात कशेळ्यात, इकबालभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत. दोन कॉम्प्युटर, दोन्ही मी खोपोलीच्या भंगारातून आणून उभे केलेले.

मी दहावी पास. कुणाच्या क्लासला गेलो नाही. उघडून, जाळून, परत जोडून शिकलो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही.

पण शिकवता येत नव्हतं.

पोराने चुकीचं बटण दाबलं की माझा हात माउसवर जायचाच. "असं नाही रे, सरक." महिन्याभरात पाचातली दोन पोरं उरली. त्यातला एक गोपाळ.

एकदा असाच नव्या पोराच्या हातून माउस ओढून घेतला, तर हा मागून म्हणतो,

"सर, हात मागं घ्या."

"काय?"

"पाठीमागं बांधा. चुकू द्या की त्याला. तुमी किती जाळलेत ते आमाला रोज सांगता ना?"

पोरं हसली. मी हात मागे घेतले. चिडूनच घेतले.

पुढे तीच आमची पद्धत झाली. शिकवणाऱ्याने मशिनला हात लावायचा नाही, शेजारी बसायचं, विचारेल तेवढंच सांगायचं. आणि शिकून झालेल्याने आपल्या वाडीवरची दोन पोरं आणून त्यांच्या शेजारी बसायचं. कोणी दोन दिवस आलं नाही की गोपाळ सायकल काढून वाडीवर. तिथे आईबापाशी त्यांच्या बोलीत बोलायचा. मला ती बोली आजही येत नाही.

कशेळ्यानंतर खोपोली, मग शेलू. तीन सेंटर.

भाषणात मी म्हणतो, "आमची पद्धत."

मग निधी देणाऱ्यांचा फॉर्म आला. मेंटरच्या रकान्यात पदवी मागितली होती. गोपाळ बारावी नापास. मी शेलूची दोन ग्रॅज्युएट मुलं मेंटर म्हणून दाखवली आणि गोपाळला मदतनीस.

त्या दोघांना शेजारी बसायला शिकवलं गोपाळनेच.

इकबालभाईंनी मला दुकानात अडवलं. "मास्तर, तू कुठल्या कॉलेजात गेला होतास रे?"

"नियम माझा नाय, इकबालभाई. फॉर्म त्यांचा हाय."

"आणि रजिस्टर?"

रजिस्टर माझं होतं. त्यात मी खरं लिहू शकत होतो. पण फॉर्म आणि रजिस्टर जुळलं पाहिजे, हा माझा हट्ट. तसाच जिना चढून वर गेलो.

दोन वर्षांनी गोपाळ माझ्यासमोर उभा. खोपोलीच्या एका ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची जागा होती. डिग्रीची अट नव्हती, फक्त अनुभवाचं पत्र हवं होतं.

मी तिथेच टाइप करून दिलं. एक मात्रा चुकली होती म्हणून दुसरी प्रिंट काढली.

त्याने वाचलं.

"सर, मदतनीस?"

"रजिस्टरला तेच आहे, गोपाळ."

"रजिस्टर कोण लिवतं सर?"

"मी."

"मग बरोबरच असंल," म्हणाला, आणि हसला. टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती जागा त्याला मिळाली नाही. त्यांना शिकवणारा हवा होता, मदतनीस नको होता.

नंतर तो खोपोलीला गोडाऊनमध्ये शिफ्टला लागला. तरी रविवारी कशेळ्याला यायचा, पोरांच्या शेजारी बसायचा. पत्राचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. चार वर्षं. दर वर्षी नवं रजिस्टर घालताना वाटायचं, या वेळी बदलू. मग जुन्यावरून नव्यात जसंच्या तसं उतरवायचो.

मंगळवारी दुपारी वाडीवर सगळं उरकल्यावर त्याचे वडील माझ्याजवळ येऊन बसले.

"सर, पावणं इचारतात, पोरगा तुमच्याकडं काय व्हता? मी काय सांगू?"



मागे यंदाच्या बॅचचा एक पोरगा उभा होता. तो म्हणाला, "बाबा, त्ये आमचे सर व्हते."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तोंडाने तेव्हाही बोललो नाही.

आज सकाळी सेंटर उघडून रजिस्टर काढलं. पण मागच्या तारखेची नोंद करायची नाही, दुरुस्तीला त्या दिवसाचीच तारीख टाकायची, हा नियमही मीच घालून दिलाय. आज लिहिलं तर आमच्या रेकॉर्डला असं दिसेल की गोपाळ मेल्यानंतर दोन दिवसांनी मेंटर झाला.

तसंच लिहिलं. आजची तारीख, खाली माझी सही. ज्याला विचारायचं असेल त्याने मला विचारावं.

गोपाळ सर, हे तुमच्यासमोर करायला हवं होतं.

नमस्कार.