आईचं खोबरेल

बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावातल्या आमच्या घरातून विद्यापीठात गेलेली मी पहिली. आणि तेविसाव्या वर्षीही चेहरा मुरमांनी भरलेला, अशी वर्गात बहुधा मी एकटीच. शाळेत असताना सगळे म्हणायचे, वयानं जातील. गेली नाहीत. हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं टणक गाठी यायच्या, ठणकायच्या आणि जाताना जांभळे डाग ठेवून जायच्या. मी भिंतीकडच्या बाकावर बसायची, म्हणजे निदान एक गाल लपायचा.

आईचा तिच्या परीनं उपाय चालू होता. ती उसाच्या मळ्यात कामाला जायची. किनाऱ्यावरच्या सुरिनाम गावाहून मामा नारळ आणून द्यायचा, त्यांचं खोबरेल ती घरीच काढायची, त्यात कापूर विरघळवायची आणि दिवेलागण झाली की मला समोर बसवायची. उसाच्या पात्यांनी तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली होती. मला टोचू नये म्हणून ती बोटांच्या पाठीनं तेल लावायची. माझ्या पुस्तकांतलं तिला काही विचारता यायचं नाही, मळ्यातलं काही विचारावं असं मला सुचायचं नाही. दिवसभरात आम्ही एकमेकींजवळ असायचो ते तेवढ्या वेळापुरत्या.

सरकारी दवाखान्यातल्या पांढऱ्या औषधानं काही झालं नाही, तेव्हा क्युरपीप शहरातल्या एका खाजगी त्वचेच्या डॉक्टरांकडे न्यायचं आईनंच ठरवलं. तिनं ठेवणीतली साडी नेसली आणि पिशवीत परसातल्या दोन पपया घेतल्या. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, अशी तिची रीत. बाहेरच्या खोलीत बायका हळू आवाजात फ्रेंच बोलत होत्या. पपयांचा वास सुटला होता. माझं नाव पुकारलं तशी आईही उठली.

"तू बस इथंच, आये," मी म्हटलं.

ती परत बसली.

डॉक्टर भला माणूस होता. चेहऱ्याला घरी काय लावता, असं त्यानं फ्रेंचमध्ये विचारलं. खोबरेल आणि कापूर, एवढं मला फ्रेंचमध्ये सांगता आलं असतं. पण ते सांगितलं की आमची चूल, आमचा मळा, सगळंच त्या स्वच्छ टेबलावर येऊन पडेल असं वाटलं. मी म्हटलं, काही नाही.

त्यानं मलम लिहून दिलं. बसमध्ये आईनं विचारलं, तेलाचं काय म्हणाला? काही नाही म्हणाला, मी सांगितलं. तसं ते खरंच होतं.

मग रोज आधी मलम आणि त्यावर तेल. दोन महिन्यांत गाल सोलल्यासारखे लाल झाले, गाठी वाढल्या.

दुसऱ्या खेपेला आई न विचारता माझ्यामागून आत आली. या खेपेला आणलेल्या पपया तिनं टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवल्या. डॉक्टरनं माझ्या गालावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि आईकडे बघून क्रिओलमध्ये, बेटावरच्या रोजच्या बोलीत, विचारलं, तेल लावता का?

आई हसली. आपलं कौतुक होतंय असंच तिला वाटलं. "मीच लावते, दोक्तेर. रोज. एक दिस चुकवला नाही."

त्यानं तिला दोष दिला नाही. सावकाश समजावलं की या तेलानं त्वचेची छिद्रं बुजतात, मुरमं वाढतात, तेल बंद करायला हवं. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, मागच्या वेळी हे का नाही सांगितलंत? मी पपयांकडे बघत राहिले. आईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेलाचं तिला कळलंच. पण मी तिला लपवलं होतं, हेही तेव्हाच कळलं असावं. तिनं कधी विचारलं नाही.

येताना तिनं दोन्ही हात पदराखाली ठेवले होते. दिवे लागल्यावर मी सवयीनं तिच्यासमोर जाऊन बसले. ती डाळ निवडत होती.

"नको, बाय," ती म्हणाली. "माझ्या हातानंच बिघडलं ते."

तसं नाही गं, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी उठून पुस्तक घेऊन बसले.

वर्षभरात चेहरा निवळला. आरशात बघून मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

शेवटच्या परीक्षेनंतर माझं लग्न ठरलं. हळदीला सुवासिनी एकामागून एक पुढे येत होत्या. आधी पाय, मग गुडघे, खांदे आणि शेवटी तोंड. आई सगळ्यांत शेवटी आली. पायांना लावली, गुडघ्यांना, खांद्यांना लावली. पुन्हा वाटीत हात बुडवला आणि तो माझ्या गालाशी येऊन थांबला.

"तोंड कुणासाठी ठेवलंस गं?" काकू मागून म्हणाली. बायका हसल्या.

"दोक्तेर नको म्हणालाय," आई म्हणाली.

तो तेलाला नको म्हणाला होता, हळदीला नाही. मला सांगता आलं असतं. तिचा हात धरून गालाला लावता आला असता. पण बायका बघत होत्या, आणि मी मान खाली घातली.

तिनं हात मागे घेतला. हळद तिच्या बोटांच्या पाठीला लागलेली होती.