पोटरीची सूज

त्या दुष्काळी वर्षी साखर कारखाना बंद झाला तसे आम्ही ऊसतोडीवरून ट्रकाने चौसाळ्याकडे निघालो. मध्येच आडोशाला जायला गाडी थांबवा म्हणायची लाज वाटायची, म्हणून आम्ही बाया निघायच्या आधीपासून पाणीच पीत नसू. मी सामानाच्या पोत्यांत पाय दुमडून बसले, ती दिवसभर तशीच.

घरी आल्यावर डावी पोटरी सुजली, गरम लागायला लागली. मोठ्या जाऊबाईंना वाटलं, पाय अवघडलाय. त्यांनी मायेनं तेल लावून चांगला चोळून दिला.

मग एकदा टँकरवरून घागर आणताना अचानक धाप लागली. श्वास आत घेतला की बरगडीत कळ यायची. खोकल्यातून रक्ताचा धागा पडला. सगळे म्हणाले, उसाच्या पाचटाची धूळ छातीत बसली. आमच्या घरधन्यांनी बीडला दवाखान्यात नेलं. जाऊबाई बरोबर आल्या.

डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून बघितलं. रक्तात प्राणवायू कमी होता, पण छातीच्या फोटोत फारसं काही दिसेना. त्यांनी विचारलं, "पाय दुखतो का? सूज आहे?"

मी मान हलवून नाही म्हटलं आणि लुगडं पावलांवर ओढलं.

"खोटं बोलतीय, साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "अगं, म्हैस आजारी पडली तर तिची कास दाखवतो की डाक्टरला! तुझ्या पायाला काय सोनं लागलंय?" आणि त्यांनीच लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं.

डॉक्टरांनी टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी जाड भरली. मग शिरेत औषध सोडून मोठ्या मशिनमध्ये छाती तपासली. फार वेळ बसल्यानं, पाणी न प्यायल्यानं पायाच्या शिरेत रक्त गोठलं होतं. त्यातली गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली होती. उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं.

"म्या चोळलं की हो साहेब," जाऊबाईंचा चेहरा उतरला.

"सुजलेला पाय पुन्हा चोळू नका. पण तुम्ही दाखवला नसता तर मला इतक्या लवकर कळलं नसतं."

रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. जाऊबाई माझ्या खाटेखाली सतरंजी टाकून राहिल्या. माझ्या तोंडात घास घातल्याशिवाय जेवल्या नाहीत. सख्ख्या बहिणीनं तरी याहून काय केलं असतं?

एका सकाळी उशी काढून सरळ झोपले, तरी श्वास पुरला. मी जाऊबाईंना एका दमात हाक मारली. आजवर माझा आवाज इतका मोठा कधी निघाला नव्हता.

"हळू की गं," त्या खालून म्हणाल्या, "सगळा दवाखाना उठवतीस का?" आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या.