टीव्हीतल्या फौजदाराचं दारवर

माझ्या मरणाची बातमी मला धरणगावच्या मामांनी दिली, आणि तीसुद्धा मी ओट्यावर उभा राहून दात घासत असताना!

मामांची चूक नव्हती. चूक कुणाची हे ठरवायला बसलं, तर आधी टीव्हीतल्या फौजदाराला धरावं लागेल, मग समोरच्या शेटजींना आणि शेवटी मला. (आमच्या घरात काहीही झालं तरी शेवटी मलाच धरतात, म्हणून क्रम आधीच लावून ठेवलेला बरा.) पण सगळ्याची सुरुवात अक्कापासून, म्हणजे माझ्या आईपासून झाली. अक्का रडत नव्हती.

माझे वडील, नाना, धुळ्याला पोलीस हवालदार होते. ऐन मे महिन्यात कुठल्याशा यात्रेचा बंदोबस्त करून भर दुपारी घरी आले, "जरा पडस," म्हणाले आणि पडले ते उठलेच नाहीत. उन्हानं गेले. उन्हानं गेलेल्या माणसाला बंदुकांची सलामी नसते आणि बिगुलही नसतो. लोक भेटायला आले तेव्हा अक्का सगळ्यांसाठी चहा करत होती. जो तो म्हणाला, "बाई मोठी धीराची!" झालं! एकदा चारचौघांत धीराची ठरल्यावर बाईला रडायची सोय राहत नाही. पोलीस लाइनीतली खोली सोडली, देवपुरात भाड्याचं घर घेतलं, दोन वर्षं उलटली. अक्का आपली धीराचीच! बोलणं कमी झालं, जेवण तर अर्ध्या भाकरीवर आलं. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही. मन मोकळं होऊ द्या." मन मोकळं करायचं औषध दुकानात मिळत नव्हतं, म्हणून मी टीव्ही आणला.

काळा-पांढरा होता आणि त्याला सरकतं शटर होतं. माझी बायको लता म्हणाली, "अहो, त्यावर रविवारी संध्याकाळी पोलिसांची मालिका लागते. अक्कांना नाना आठवतील."

"आठवू देत की! त्यासाठीच तर आणलाय!" मी म्हणालो. (माझ्या डोक्यातून निघून माझ्याच अंगावर आलेल्या कल्पनांत हिचा नंबर बराच वर लागतो.)

अक्का रडली नाही. तिनं मालिकेची तपासणी सुरू केली! त्यातला फौजदार म्हणजे उंचापुरा गडी, अंगावर कडक वर्दी. त्यानं लाथ घालून दार तोडलं की ही विचारायची, "आते ती कडी कोन बसाडी?" तो गुंडामागे एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारायचा, तेव्हा ही डोळे मिटून म्हणायची, "पँट फाटी जाई ना बापा!" अंधाऱ्या कोठडीत आरोपीच्या डोक्यावर दिवा हेलकावे खायचा. "दिवा कसाले हालस? खिडकी लाई ल्या ना!" आणि जीप पहिल्या किल्लीत सुरू झाली की तिचा विश्वासच बसायचा नाही. नानांच्या ठाण्यातली जीप पकडून आणलेल्या आरोपीनं ढकलल्याशिवाय हलत नसे.

नानांनी उभ्या नोकरीत कुणाचं दार तोडलं नाही. ते दारात उभे राहून हाक मारायचे, "आबा, पहिले चहा पी ल्या, मंग चाला. तुम्हले अटक करेल शे." हे सांगताना अक्काच्या तोंडावर हसू यायचं, पण डोळे कोरडे असायचे. मला त्या कोरड्या डोळ्यांची भीती वाटायची.

मालिका मात्र मी स्वतः फारशी पाहिली नाही. आमच्या घराचं छत म्हणजे मातीचं धाबं. मालिका लागली की अँटेनाचा बांबू धरून मला त्यावर बसावं लागे. लोक नियम धाब्यावर बसवतात. आमच्याकडे नवऱ्याला बसवत. खालून लता ओरडून सांगायची, "फौजदार पळतोय! थोडं डावीकडे! गुंड सापडला! अहो, गुंड गेला, मुंग्या आल्या! पुन्हा डावीकडे!" एवढ्यावर मी कथानक जुळवत असे.

त्या रविवारी मी असाच वर बसलो होतो. खालून गोळ्यांचा आवाज आला. लता ओरडली, "फौजदाराला लागली!" मग जरा वेळानं, "फौजदार गेला हो!" मग बंदुकांची सलामी झाली, बिगुल वाजला. आणि त्यापाठोपाठ खालच्या खोलीतून एक आवाज आला, जो मी जन्मात ऐकला नव्हता.

"सोनासारखा मानूस गया वं माय! माले सोडीसन कथा गयात हो!"

अक्का रडत होती! मी आनंदानं (हो, आनंदानंच!) बांबू सोडला आणि शिडीकडे धावलो. शिडी त्या वेळी माझ्या बाजूची नव्हती. ती एकीकडे गेली, मी दुसरीकडे गेलो आणि अंगणात बंबासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काटक्यांच्या ढिगावर, उताणा पडलो. हाडं शाबूत होती, पण श्वास असा अडकला की तोंडातून शब्द फुटेना. लता धावत बाहेर आली, "अहो, अक्का रडायला लागल्या!" म्हणत, आणि मला तशा अवस्थेत पाहून तिनं किंकाळी फोडली.

समोर शेटजींचं किराणा दुकान. गल्लीतला एकुलता एक फोन त्यांच्याकडे. माणूस भला, पण कुणी मेलं म्हटलं की हातपाय गळायचे. त्यांनी गल्ल्यावर बसल्या बसल्या काय पाहिलं? आत म्हातारी 'सोन्यासारखा माणूस गेला' म्हणून टाहो फोडतेय, सून अंगणात किंचाळतेय आणि सुभाषभाऊ, म्हणजे मी, लाकडांवर आडवा! याहून जास्त पुरावा कुठल्या फौजदारानं मागितला असता? शेटजींच्या साडूची धरणगावात कापसाची पेढी होती. त्यांनी तिथं फोन लावून मामांना निरोप धाडला, शटर ओढलं आणि मागच्या दारानं ते मंदिरात गेले ते रात्री उशिरापर्यंत तिथंच बसून राहिले.

इकडे मला श्वास आला, मी उठलो, अंगातले काटे उपटले आणि आत गेलो. अक्का भिंतीला टेकून हुंदके देत होती. आम्ही दोघं तिच्याजवळ नुसते बसलो. रडता रडता ती तशीच झोपली.

सकाळी मी ओट्यावर दात घासत होतो, तर गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. मामा उतरले, त्यांच्यामागून धरणगावचं निम्मं गणगोत उतरलं. बायकांनी पदर तोंडाला लावले आणि तिथूनच सूर धरला.

"गरीब व्हता वं बिचारा!"

"कोनालेबी वाकडा शब्द बोलना नही!"

मामा मोठ्यानं म्हणत होते, "नोकरीत काही करं नही, पन सोभाव गायसारखा!"

कुणीतरी फार सज्जन माणूस गेलाय, असं मला वाटलं. मी घाईनं चूळ भरून पुढं झालो आणि विचारलं, "मामा, कोण गेलं?"

मामांनी मला मिठी मारली. "आपला सुभाष गया रे भाऊ!" म्हणून ते माझ्याच खांद्यावर रडले. मग त्यांना खांदा ओळखीचा वाटला असावा. ते दोन पावलं मागं सरकले.

"तू जित्ता शे?"

"हो." मला उगीचच अपराधी वाटलं.

"मंग आम्हीन कसाले उनूत?"

तेवढ्यात समोरचं शटर वीतभर वर झालं, त्यातून शेटजींचं डोकं बाहेर आलं आणि मला पाहून तसंच आत गेलं. मग हळूहळू उलगडा झाला. मी धाब्यापासून पऱ्हाट्यांपर्यंत सगळी हकिगत सांगितली. सगळे ऐकत उभे होते. मामांच्या हातात हार होता आणि त्याचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

आमच्या खान्देशात कुणी वारलं की त्या घरी भेटायला जाण्याला 'दारवर जाणं' म्हणतात. जेवत्या ताटावरून उठून माणसं दारवर जातात. अशा माणसांना 'आमच्याकडे कुणी मेलेलं नाही, तुम्ही परत जा' हे कसं सांगायचं? यंदा पावसाळा नाही म्हणून सांगितल्यासारखे सगळ्यांचे चेहरे झाले होते.

"मंग मन्ही बहीन रडी राह्यनी व्हती, ती कोनाकरता?" मामांनी विचारलं.

"टीव्हीतल्या फौजदारासाठी," मी म्हणालो आणि जमिनीकडे पाहू लागलो.

मामांना राग आवरेना. ते काहीतरी सणसणीत बोलणार, एवढ्यात अक्का दारात आली. डोळे सुजलेले, केस मोकळे. तिनं भावाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या हाराकडे पाहिलं, अंगणात पदर धरून उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. मग अगदी लहान मुलीसारखी म्हणाली,

"भाऊ, सुभाषना नाना गयात."

या गोष्टीला दोन वर्षं झालीत असं कुणी म्हणालं नाही. मामांनी हार आत नेऊन नानांच्या फोटोला घातला आणि बहिणीला जवळ घेतलं. बायका खाली बसल्या. मग जे रडणं झालं, ते सांगता येत नाही. नानांचं एकेक आठवून अक्का रडली. त्यांची वर्दी, त्यांची सायकल, बंदोबस्ताला जाताना फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी. टेम्पोचा ड्रायव्हर आमच्यातल्या कुणालाच ओळखत नव्हता, तोही डोळे पुसत होता. शेटजी दुकान तसंच टाकून आमच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. मी आणि लता आत चहा करत होतो. मला वाटलं, नाना खरे आज गेले. पण पाहुणे चाळीस आणि कप आठ असल्यामुळे मला रडायला सवड मिळाली नाही.

मामा निघताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ठीक शे. पुढला टाइमले पक्कं करीसन फोन कराले सांग शेटजीले."

पुढच्या रविवारी काय व्हावं? फौजदार जिवंत निघाला! म्हणे तस्करांना गाफील ठेवण्यासाठी मरणाचं नाटक केलं होतं. लतानं खालून हे ओरडून सांगितलं तेव्हा माझ्या हातातला बांबूच गळाला. धापा टाकत खाली आलो. वाटलं, झालं, आता अक्का पुन्हा गप्प होणार.

अक्का भयंकर संतापली होती. "इतला मोठा फौजदार, बायकोले एक शब्द सांगता नही उनं?"

"अक्का, गुपित होतं ते," मी समजावलं.

"बायकोपासून कसानं गुपित? ती इतली रडनी, तिन्हं काय?" तिनं पदरानं पडद्यावरची धूळ पुसली. मग हळूच म्हणाली, "पन परत उना तरी." तेवढं बोलून ती उठली, मेथी निवडायला बसली, आणि त्या दिवशी तिनं लताकडून दुसरी भाकरी मागून घेतली.

त्यानंतर अक्का बरी झाली. मोकळी हसू लागली, मोकळी रडूही लागली. मीही अँटेना खिळ्यातारेनं पक्की करून टाकली आणि घरच्यांबरोबर खाली बसून मालिका पाहण्याचा मान मिळवला.

असाच एक रविवार होता. त्या भागात काही घडतच नव्हतं. गोळीबार नाही, पाठलाग नाही. शेजारच्या चार बायका कंटाळून जांभया देत होत्या. फौजदार दमून घरी आला, खाटेवर बसला आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

नाना त्या दुपारी बूट घालूनच आडवे झाले होते. मी शेजारीच पेपर वाचत होतो. मनात म्हटलं, झोपू देत, उठले की काढतील. ते गेल्याचं कळल्यावर ते बूट मीच काढले. घामानं नाड्या आवळल्या होत्या, गाठ सुटता सुटत नव्हती, आणि मी आपला हलक्या हातानं सोडत होतो, त्यांना जाग येऊ नये म्हणून.

मला रडू फुटलं. साधंसुधं नव्हे, त्या चार बायकांदेखत, गळा काढून, नाकातोंडातून! जांभया थांबल्या. लतानं टीव्हीचा आवाज वाढवला. अक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत ती शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"काय व्हयनं रे? आज ते कोनीच मरनं नही!"