सिमेंट खरवडताना

आमच्या पेठेतल्या जुन्या दरवाज्याला सिमेंटचा गिलावा मीच करवून घेतला होता, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हा मी नवा ओव्हरसियर होतो. त्या दगडविटांच्या कमानीला गुळगुळीत सिमेंट आणि वर गुलाबी ऑइलपेंट लावल्यावर घरच्यांना मुद्दाम दाखवायला नेलं होतं. कौतुक करून घ्यायची हौस दांडगी.

काही पावसाळ्यांतच गिलाव्याला फुगे आले. सिमेंटमुळे पाणी आतच कोंडलं, जुना चुना भुसभुशीत झाला आणि माथ्यावरच्या विटा निखळायला लागल्या. वरच्या साहेबांनी ‘धोकादायक’ अशी पाटी ठोकली. "पाडून टाकू. रस्ताही रुंद होईल," म्हणाले. कित्येक पिढ्या उभा असलेला दरवाजा माझ्या हातून मरणार होता. मी गयावया करून दुरुस्तीची परवानगी आणि एक पावसाळा मागून घेतला.

चुन्याचं काम जाणणारे एक म्हातारे मिस्त्री बेगमपुऱ्यात राहायचे. त्यांनी येऊन गिलाव्यावर टिचकी मारली. आवाज पोकळ आला.

"किसने करा ये?"

"मैंने, चाचा."

"पढे-लिखे दिखते," एवढंच बोलून ते गेले आणि दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन हजर झाले.

सिमेंट खरवडायलाच महिना लागला. तोवर खड्ड्यात चुना मुरत होता. मग वाळू आणि विटांच्या भुकटीबरोबर तो दगडी चाकाच्या घाण्यात दळायचा, वरून बेलफळाचं आणि गुळाचं पाणी. गूळ किती, हे चाचा तळहातावर चुना चोळून ठरवायचे. एका शुक्रवारी ते नमाजाला गेले आणि मी दुप्पट गूळ ओतला. सिमेंट जास्त टाकलं की काम पक्कं, तेवढीच माझी अक्कल! चार दिवस गिलावा आळला नाही आणि काळ्या मुंग्यांची रांग थेट कमानीच्या माथ्यापर्यंत पोचली. चुना कालवणारी मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सायब, दरवाजा बांधायलाव का लाडू वळायलाव?"

चाचांनी तो सगळा भाग खरवडायला घेतला. मीही शेजारी बसलो. बोटं सोलवटली, पण उठलो नाही.

त्या वर्षी पाऊस लई झाला. मोठी सर येऊन गेली की मी कामं टाकून धावायचो आणि भिंतीला हात लावून बघायचो. बायको वैतागली होती.

भादवा संपल्यावर साहेब आले. कमानीच्या आत उभं राहून त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि भिंतीला दाबून धरला. कोरडा. दुसरीकडे दाबला. कोरडा. तिसऱ्यांदा त्यांनी वर हात पुरवून दाबला, तरी कोरडाच.

"रस्ता बाजूनं काढू," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

मी छिन्नीनं खिळे उपटून पाटी खाली पाडली. आजूबाजूचे दुकानदार टाळ्या वाजवत बाहेर आले. चाचा भिंतीला पाठ टेकून बसले आणि गमछ्यानं डोळे टिपायला लागले. मला काही ते बघवेना. मी स्कूटरला किक मारली आणि हॉर्न दाबत दरवाज्याखालून गेलो, वळलो, परत आलो, पुन्हा गेलो.

पाचव्या फेरीला चाचा ओरडले, "बस करो साब, पेट्रोल खतम हो जाता!"

मी ऐकलं नाही.